बागेला आरक्षण नको, खरेदीखत हवे

चिपळूण आता बहादूरशेख नाक्याशी थांबत नाही. कराड रस्त्याने ते खेर्डी, पिंपळी, शिरगाव करत आमच्या पोफळीकडे सरकते आहे. रस्त्याकडेच्या भातखाचरात तांबड्या मातीचा भराव पडतो, काही दिवसांत ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी लागते आणि पुढच्या पावसाळ्याआधी जोती उभी राहतात. हे होणारच. माणसांना घरे हवीत, आणि पुरात दोनदा बुडालेल्या बाजारपेठेतून कोणी उंचावर यायचे म्हटले तर त्याला नाही कसे म्हणायचे? माझे म्हणणे एवढेच आहे की या वाढीत पोरांना क्रिकेट खेळायला आणि म्हाताऱ्यांना सकाळी फेरी मारायला जागा कोणी राखून ठेवत नाही. ती राखायची वेळ आज आहे. खाचरांच्या जागी इमारती आल्यावर ती राखता येणार नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. विकास आराखड्यातले हिरवे ठिपके जमिनीवर कसे दिसतात ते मी जवळून पाहिले आहे. कोकणातल्याच एका शहरात बागेसाठी आरक्षित असलेली जागा मोजायला गेलो होतो. जागेवर चार काजू, एक पडकी विहीर आणि कोपऱ्यात पेंढ्याची उडवी. मालक दिवसभर माझ्याबरोबर उन्हात फिरला. हद्दीच्या प्रत्येक दगडापाशी थांबून एकच विचारायचा, “साहेब, हे हिरवं कधी निघणार?” त्याला घर बांधायला परवानगी मिळत नव्हती, बँक त्या सातबाऱ्यावर कर्ज देत नव्हती, गिऱ्हाईक आले तरी झोनदाखला पाहून परत जायचे. शहराने त्याची जमीन घेतलीही नव्हती आणि त्याच्याकडे ठेवलीही नव्हती. पुढे ते आरक्षण व्यपगत झाले. आज तिथे इमारत आहे, आणि त्या वॉर्डातली मुले रस्त्यावर खेळतात.

असे का होते ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 उघडला की कळते. कलम 126 प्रमाणे आरक्षित जागा तीन वाटांनी घेता येते: मालकाशी वाटाघाट करून, पैशाऐवजी चटई क्षेत्र किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन, नाहीतर भूसंपादन करून. आराखडा अंतिम झाल्यापासून 10 वर्षांत यातले काहीच झाले नाही तर कलम 127 खाली मालक खरेदी सूचना देऊ शकतो. मग ठरलेल्या मुदतीत पालिकेने पाऊल उचलले नाही तर जमीन मोकळी होते. ही मुदत पूर्वी 6 महिने होती, पुढे 12 झाली, आता 24 आहे. ‘जागा घ्यावी’ असा नुसता ठराव करून भागत नाही, संपादनाच्या दिशेने प्रत्यक्ष कारवाई दिसली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात बजावले. निकाल न्याय्यच होता. माणसाची जमीन किती वर्षे अडकवून ठेवायची? पण पालिका जागी होते ती सूचना हातात पडल्यावर, आणि तोवर त्या जमिनीचा भाव तिच्या आवाक्याबाहेर गेलेला असतो.

टीडीआर हे मोठ्या शहराचे औषध आहे. त्याला बिल्डरांची मागणी लागते. लहान शहरात ते प्रमाणपत्र घेऊन मालक कोणाच्या दारात जाणार? आणि मोठ्या शहरातही ते नेहमी लागू पडते असे नाही. पुण्याने 1997 मध्ये हद्दीत घेतलेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर 978 हेक्टरचे जैवविविधता उद्यान आखले. मोबदला ठरला 8 टक्के टीडीआर. एवढ्यावर जमीनमालक राजी होईनात, जागा महापालिकेच्या ताब्यात येईना, आणि टेकड्यांवर घरे चढत राहिली. हेतू उत्तम, नकाशाही उत्तम. फक्त मालकाच्या हातात काही पडले नाही.

याच्या उलट मुंबईचे दादर पाहा. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, वडाळा हा भाग तेव्हा शेता-वाड्यांचा होता. ट्रस्टने आधी जमीन घेतली, मग रस्ते, मैदाने आणि बागा आखल्या, आणि शेवटी घरांचे भूखंड दिले. 1925 मध्ये खुले झालेले शिवाजी पार्क आणि पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्स त्याच क्रमाने झाल्या. या ट्रस्टने जुन्या शहरातल्या गरिबांची बिऱ्हाडे हलवली, त्यांना धड पर्याय दिला नाही, हा दोष आहेच. पण जागा आधी आणि घरे नंतर, हा क्रम बरोबर होता. आज त्या मैदानाएवढी जमीन दादरमध्ये विकत घ्यायची म्हटली तर कोणत्या महापालिकेला परवडेल?

पोफळीतल्या माणसाला भूसंपादन म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. डोंगराच्या पोटात वीजगृह कोरले गेले आणि 1960 च्या दशकात कोयनेचे पाणी इथे उतरून वीज करू लागले. ते पाणी पुढे वाशिष्ठीला मिळते. राज्याला एखादी गोष्ट हवी असली की डोंगरसुद्धा पोखरता येतो, हे आम्ही पाहिले. आणि घाटावर धरणात ज्यांची गावे गेली ते आजही पर्यायी जमिनीसाठी मोर्चे काढत आहेत, हेही पाहिले. म्हणून बागेसाठी जमीन घ्या असे मी म्हणतो तेव्हा आधी पूर्ण पैसे आणि मग ताबा, ही अट त्यातच आली. सार्वजनिक कामाचा भार एकाच घराच्या डोक्यावर टाकून झालेली बाग मला नको.

कोकणात आणखी एक अडचण आहे, आणि ती मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञांच्या लक्षात येत नाही. घाटावरच्या गावाला गायरान असते. आमच्याकडे खोतीची जमीन, खोती गेल्यावर कुळांची झाली. सरकारी जमीन अगदी थोडी. त्यात सामायिक खाती. 20 आरांच्या तुकड्यावर आजोबांचे नाव, खाली वारसांची रांग, निम्मे मुंबईत, कोणी बडोद्याला, कोणाचा पत्ताच नाही. वाटाघाटीने खरेदी करायची तर वाटाघाट कोणाशी? अधिकारी इथेच दमतात आणि फाइल बाजूला पडते.

तरी गावाने मोकळी जागा राखलीच होती. आमच्याकडे प्रत्येक गावात सहाण असते, शिमग्यात पालखी जिथे बसते ती. काही ठिकाणी ती जमीन कोणा एकाच्या सातबाऱ्यावर आहे, तरी तिथे बांध घालायची छाती कोणाची होत नाही. वर्षभर पोरे तिथे खेळतात, भात वाळते, लग्नाचा मांडव पडतो. देवराईचेही तसेच. शहराच्या कडेला ज्या नव्या वसाहती होत आहेत त्यांना ना सहाण आहे ना देवराई. तिथे ते काम कायद्यानेच करावे लागेल.

कायद्यात जागा आहे. पहिली जमीन लेआउटमधली. 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे 40 आर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे लेआउट करताना 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मग जमीन 40 आरांच्या आतच तोडून विकली जाते. जे सोडतात ते बहुधा वहाळाकडेची, उताराची, कशालाच न लागणारी पट्टी सोडतात. मंजुरी देणाऱ्याने शेजारच्या दोन-तीन लेआउटची मोकळी जागा एकाला एक लागून काढायला लावली तर त्यातून एक खरे मैदान होईल. त्याला एक रुपयाही जादा लागत नाही, नकाशावर सही करण्याआधी जागेवर जाऊन यावे लागते.

दुसरी जमीन नदीकाठची. 26 जुलै 2005 आणि 22 जुलै 2021, दोन्ही वेळा वाशिष्ठी आणि शिवनदी शहरात शिरल्या. एसटी स्टँड बुडाले, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी गेले. त्यानंतर निळ्या आणि लाल पूररेषेवरून चिपळुणात मोठा संताप उसळला, आणि मला तो समजतो. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत नवे बांधकाम नाही, बाग, मैदान, शेती असले वापर चालतात. म्हणजे सरकारने रेषा मारून लोकांच्या जमिनीची बाग केली आणि पैसे मात्र दिले नाहीत! नदीकाठच्या ज्या जमिनी अजून रिकाम्या आहेत त्या योग्य भावाने विकत घ्या. वर्षातले दोन दिवस पाणी घेतील, बाकीचे दिवस शहराला बाग मिळेल. ज्यांची घरे तिथे आधीपासून आहेत त्यांना मात्र बागेच्या नावाखाली हात लावू नये.

तिसरी जमीन अलोरे-पोफळीच्या प्रकल्प वसाहतींची. कामे संपली तशी माणसे पांगली. तिथली जी जमीन खात्याला नको असेल ती लिलावात न काढता मैदाने आणि झाडांसकट आसपासच्या ग्रामपंचायतींच्या नावे करावी. ती जमीन एकदा सार्वजनिक कामासाठीच घेतली होती.

पैसा कुठला, हे विचारले जाईल. बांधकाम परवानगी देताना विकास शुल्क घेतले जाते, आणि कायद्याने ते सार्वजनिक सुविधांसाठीच आहे. किती जमा झाले आणि त्यातून किती आर जमीन खरेदी झाली, हा हिशेब दर वर्षी नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. मोठी बाग नको. खेर्डी ते पोफळी या पट्ट्यात प्रत्येक गावाने दर दोन-तीन वर्षांनी 20-30 आरांचा एक तुकडा घेतला तरी पुरे आहे, मात्र तो घरांच्या मधोमध असावा, स्मशानाच्या वाटेवर नको.

आणि सामायिक खात्यांसाठी एक सुचवतो. शिमग्याला सगळे भाऊबंद गावात असतात. एरवी सहीसाठी वर्षभर न सापडणारी माणसे तेव्हा एका पडवीत बसलेली मिळतात. तहसीलदारांनी त्या आठवड्यात तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांना गावात बसवावे, आधी वारस नोंदी पुऱ्या कराव्यात, मोजणीचा नकाशा सर्वांसमोर ठेवावा, भाव जाहीर सांगावा आणि तिथल्या तिथे संमतिपत्रे घ्यावीत. दुय्यम निबंधकांनी लगोलग पुढची तारीख द्यावी, म्हणजे मुंबईकर परतायच्या आत खरेदीखत होईल. येत्या शिमग्यासाठी मोजणीचे अर्ज दिवाळीआधी पडायला हवेत.