डोझर चौथऱ्यावर नको, रानात हवा



वाहन विभागाच्या मागे बाभळीखाली उभा असलेला पिवळा चेन डोझर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्याबद्दल सध्या दोन सूचना कानावर येतात. एक, भंगारात काढावा. दुसरी, रंग देऊन मुख्य गेटसमोर चौथऱ्यावर उभा करावा, म्हणजे जुन्या दिवसांची आठवण राहील. ऊस विकास विभागाला यातली एकही पटत नाही. डोझर दुरुस्त करून पुन्हा रानात घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नव्या पिढीला या यंत्राची ओळख नाही, म्हणून थोडे सांगतो. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे असली जड यंत्रे परदेशातूनच येत. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला १ कोटी डॉलर कर्ज दिले, ते मध्य भारतातली कांस गवताने व्यापलेली जमीन मोडण्यासाठी जड ट्रॅक्टर घ्यायला. गंमत अशी, की हे कांस म्हणजे उसाचाच रानटी भाऊबंद. कोईमतूरच्या केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी त्याच्याशी उसाचा संकर करून को २०५ हे वाण काढले, ते १९१८ साली लागणीला आले. ज्याला उपटायला कर्ज काढले, त्याचेच रक्त आज आपल्या फडात आहे! असो. १९६४ साली सरकारने भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी काढली आणि पुढे कोलार गोल्ड फील्ड्सला जपानच्या कोमात्सूच्या तंत्रावर डी-८० डोझर तयार होऊ लागले. आपला डोझर त्याच घराण्यातला.

आपल्या जिल्ह्यात त्याला काम मिळाले ते उजनीमुळे. १९७२ च्या दुष्काळात इथल्या माणसांनी बांधबंदिस्ती केली ती कुदळ-फावड्याने. १९८० साली धरण पुरे झाले, पुढे पाटाचे पाणी आले, पण रान होते चढउताराचे. वरच्या टोकाला ऊस वाळायचा आणि खालच्या टोकाला पाणी साचून जमीन चोपण व्हायची. अशा वेळी डोझर रात्रंदिवस चालला. आज जी सलग लांब सरी आपण सहज पाहतो, ती त्या पात्याखालून निघालेली आहे, हे जुने सभासद सांगतील.

आता कोणी म्हणेल, जेसीबी आहे की गावोगाव! आहे, आणि चर काढायला, विहिरीची माती हलवायला त्याच्यासारखे दुसरे नाही. पण एकर दोन एकर रान पातळ कापत न्यायचे काम त्याचे नव्हे. शिवाय त्याचे वजन चार चाकांवर येते. डोझरचे वजन रुंद चेनवर पसरते, त्यामुळे एवढे धूड असून जमिनीवर दाब पडतो तो जवळपास उभ्या माणसाच्या पायाइतका. तरीही ओल्या काळ्या रानात त्याला घालू नये, हेही तितकेच खरे.

एक चूक आम्ही कबूल करतो. मागे सपाटीकरण करताना आमच्याच विभागाने घाई केली. वरची काळी माती खड्ड्यात ढकलली आणि मुरूम-चुनखडी वर आणली. त्या पट्ट्यात ऊस केवडा पडून पिवळा दिसतो, आणि लोक खताला दोष देतात. यापुढे वरचा सहा इंचांचा थर बाजूला काढायचा, मग कापणी-भरणी करायची आणि शेवटी तीच माती परत पसरायची. डोझर दोन तास जास्त चालेल, चालू द्या.

दुरुस्तीचे म्हणाल तर रंगाचा डबा सगळ्यात शेवटी. इतके दिवस उभे असलेले इंजिन बॅटरी लावून एकदम सुरू करणे म्हणजे त्याचा जीव घेणे. आधी इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये ऑईल सोडावे, इंजिन हाताने फिरते का पाहावे, टाकीतला गाळ-पाणी काढावे, ऑईल आणि फिल्टर बदलावेत, तडकलेले हायड्रॉलिक पाईप टाकून द्यावेत. मग खालचा भाग. चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट, डोझरचा जवळपास निम्मा दुरुस्तीखर्च इथेच होतो. आपल्या चेनचे पिन-बुश एका बाजूने झिजले आहेत, पण आमचे ऑपरेटर मामा म्हणतात, “साहेब, टर्न करून घ्या, अजून एक जन्म निघंल.” बरोबर आहे त्यांचे. प्रेसवर पिन-बुश अर्धा फेर फिरवले की न झिजलेली बाजू कामाला येते. मात्र हे वेळेवर करावे लागते. बुश आरपार झिजल्यावर नवीन चेनच घ्यावी लागेल.

डोझर बिघडला तो म्हातारपणाने नव्हे, आमच्या दुर्लक्षाने. रोज संध्याकाळी रोलरमधली माती काढायची असते. काळी माती सुकली की सिमेंट होते, रोलर फिरायचा थांबतो आणि चेन त्याच्यावर घासत राहते. चेन फार ताणली तरी झिजते, फार सैल सोडली तर उतरते. ग्रीसचे रजिस्टर सुरुवातीला भरलेले आहे, पुढची पाने कोरी आहेत.

डिझेल खातो, हे मान्य. डांबरी रस्त्यावरून जात नाही, ट्रेलरवर न्यावा लागतो, तोही खर्चच. म्हणून एका सभासदाचे अर्धा एकर करायला वीस किलोमीटर नेणे परवडणार नाही. एका शिवारातल्या लागून असलेल्या सभासदांनी मिळून मागणी केली तर भाडे आवाक्यात बसेल. आजही ज्यांचे क्षेत्र टेकाडाचे आहे ते बहुतेक दोन-तीन एकरवाले आहेत, आणि ठिबकाला पैसे नसलेलेही तेच.

एक गोष्ट मात्र थांबणारी नाही. मामा येत्या हंगामानंतर निवृत्त होत आहेत. पाते किती खाली सोडावे हे ते सीटखालच्या थरथरीवरून ओळखतात, आणि ते कोणत्याही पुस्तकात नाही. दुरुस्तीला आजच मंजुरी मिळाली तर त्यांच्या हाताखाली दोन पोरे तयार होतील.

दुरुस्तीचे अंदाजपत्रक आम्ही मा. संचालक मंडळाकडे दिले आहे. ज्यांना सपाटीकरण करायचे आहे त्यांनी गट नंबर, क्षेत्र आणि शेजारच्या सभासदांची नावे आपल्या गट ऑफिसात वार्षिक सभेपूर्वी नोंदवावीत. चौथऱ्याचा विषय सभेत निघाला तर ही यादी आम्ही पुढे ठेवू.