मसूरपर्यंत सायकलने, भरलेली बाटली घेऊन

सायकल विकून हप्त्यावर मोटारसायकल आणली की आपल्या वस्तीत पेढे वाटतात. कामाला लांब जायचे तर गाडी हवीच. पण सायकलबरोबर घरातला व्यायामही गेला. मुलांनी रोज एक तास आणि मोठ्यांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे अंग हलवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या किती घरांत तेवढे होते?

परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे सायकलवाटा केल्या आहेत. न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल ही अशीच सुमारे दीडशे किलोमीटरची वाट २००० साली खुली झाली. आगगाडीला उभा चढ चढवत नाही, म्हणून अशी वाट सपाटीने जाते. लहान मुले आणि वयस्कर माणसेही मुक्काम करत ती पार करतात.

आपल्या सातारा-मिरज मार्गावर गाड्या धावतात. रुळांत शिरणे गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. पण कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली ही स्टेशनची गावे रस्त्यांनीही जोडलेली आहेत. रोज पन्नासेक किलोमीटर धरले तर तीन दिवसांत मिरज येते. दिवाळीच्या सुट्टीत हा प्रवास आपल्या मुलामुलींनी करावा, असे माझे मत आहे.

सुरुवात साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलपासून करावी. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव याच शाळेत दाखल झाले. पहिला मुक्काम मसूरला. १९०१ साली बाबासाहेब घरच्या मुलांसोबत वडिलांना भेटायला निघाले आणि आगगाडीने मसूरला उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी बैलगाडी स्वतःच हाकली. सोबत डबा होता, पण रात्रभर पिण्याजोगे पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

म्हणून या प्रवासात पाण्याची हयगय नको. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. चक्कर आली, लघवी गडद झाली, तर सावलीत थांबावे. बरे वाटेना तर दवाखाना गाठावा.

“तंबू कुठून आणायचा?” असे कोणी विचारेल. वाटेवरच्या गावात आधी फोन करून विहारात किंवा समाजमंदिरात झोपण्याची परवानगी घ्यावी. पांघरूण, भाकरी-चटणी, शेंगदाणे-गूळ, पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप एवढे पुरे. पहाटे उजाडताच निघावे, अंधारात सायकल चालवू नये. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या जोड ट्रॉल्या रस्ता अडवतात. त्यांना मागून ओलांडू नये. सायकलला मागे चमकणारी पट्टी लावावी. शुगर, बीपी किंवा छातीचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. एकदम तीन दिवसांना हात घालू नये. आधी महिनाभर रोज पाच-दहा किलोमीटर चालवून पाय तयार करावेत.

मुलींना मागे ठेवू नका. दोन-तीन आया सायकलवर सोबत निघाल्या तर काळजीही मिटेल आणि त्यांचेही गुडघे मोकळे होतील.

मसूरला पोहोचलात की स्टेशनबाहेर सायकली लावा आणि मुलांना ती गोष्ट सांगा. मग प्रत्येकाला पोटभर पाणी पाजा. तिथे उभा असलेला, आपल्यातला नसलेला माणूस तहानलेला दिसला, तर आधी त्याला द्या.