मुंबईच्या बँकेच्या पायांत कोणाचा कापूस?

आंजी (मोठी), जिल्हा वर्धा



आपल्या गांवचा माणूस मुंबईस जाऊन आला म्हणजे तेथील कोटांतल्या इमारतींचें वर्णन करतांना थकत नाहीं. हॉर्निमन सर्कलच्या कडेला स्टेट बँकेची मुख्य शाखा आहे. ती पाहून तर तो म्हणतो, "काय तो थाट! साहेबानें करून ठेवलें खरें." शहरचे विद्वानही अशा इमारतींवर लेख लिहितात, बांधणाऱ्या साहेबाचें नांव सांगतात, आणि शेवटीं 'आपला थोर वारसा' म्हणून टाळ्या पिटतात. आमचा सवाल साधा आहे. हा वारसा कोणाचा? ज्यानें वावर वखरलें, जिनें भर उन्हांत बोंडें वेचलीं, त्यांचा उल्लेख त्या लेखांत कां नाहीं? म्हणून आज त्या बँकेची हकीकत आम्ही आंजीच्या धुऱ्यावर बसून सांगणार आहों.

पहिली गोष्ट ही कीं, ती जागाच मुळीं कापसाची. आज जेथें सर्कल व बाग आहे, तेथें पूर्वी मोकळें मैदान होतें आणि त्यावर कापसाच्या गठाणींचे ढीग पडत. १८४४ सालीं तो बाजार कुलाब्यास हलविला. मग गोलाकार इमारती उठल्या आणि लाट साहेबाच्या नांवानें 'एल्फिन्स्टन सर्कल' झालें. स्वराज्यानंतर हॉर्निमन या संपादकाचें नांव दिलें, तें चांगलेंच झालें. पण कापूस पिकविणाऱ्याचें नांव तेव्हांही नव्हतें, आतांही नाहीं.

दुसरी गोष्ट बँकेची. मुंबई बँक १८४० सालीं निघाली. ती साधी सावकारी पेढी नव्हती. सरकार स्वतः तिचें भागीदार होतें. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा? गव्हर्नर कांहीं औत धरीत नव्हता. शेतसारा आणि मिठावरचा कर, हाच तो पैसा. म्हणजे बँकेच्या दारांत ज्यानें कधीं पाऊल टाकलें नाहीं, तो कुणबी, तेली, माळी, महार, कोष्टी, सारेच तिचे न विचारलेले भागीदार होते.

पुढें १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सर्वांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर आली. १८६२ सालीं वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. ही घाई रयतेच्या प्रवासाच्या सोयीसाठीं झाली असें ज्यास वाटतें त्यानें हिंगणघाटच्या गठाणींस विचारावें!

कोणी म्हणेल, त्या तेजींत शेतकरीही गबर झाला. बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी साहेबलोकांनीं लिहून ठेविल्या आहेत. होय, कांहींच्या हातीं पैसा आला, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ज्याचें पीक पेरणीपूर्वीच सावकाराच्या आगाऊ रकमेस बांधलेलें, त्याला लिव्हरपूलचा भाव काय कामाचा? आणि सूत महागल्यामुळें ज्या कोष्ट्याचा माग थांबला, त्याच्या घरीं कोणती चांदी आली? दहा चाकांना चांदी लागली तें दिसलें. हजार चुली विझल्या त्या साहेबाला दिसल्या नाहींत.

आतां मुंबईंत काय चाललें होतें तें ऐका. कापसाचा पैसा इतका आला कीं ठेवावा कोठें हें शेटजींस कळेना. रोज नव्या कंपन्या निघूं लागल्या. समुद्र बुजवून जमीन काढण्याच्या बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा भाग दहापट भावानें विकूं लागला. मुंबई बँकेवर पूर्वी कर्ज देण्याविषयीं कडक निर्बंध होते. १८६३ च्या कायद्यानें ते ढिले केले आणि कंपन्यांच्या भागांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे कागद ठेवा, पैसा न्या आणि त्या पैशानें आणखी कागद घ्या! प्रेमचंद रायचंद या शेटजींचा शब्द तेव्हां बँकेंत कायद्याहून मोठा होता.

१८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतली लढाई संपत आली. कापूस गडगडला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकविण्याचा दिवस उगवला आणि मोठमोठ्या पेढ्या पत्त्यांच्या घरासारख्या कोसळल्या. मुंबई बँकेचे सुमारें एक कोटि नव्वद लाख रुपये बुडाले आणि १८६८ सालीं ती मिटली. सरकारनें सर चार्ल्स जॅक्सन यांचें चौकशी मंडळ नेमलें. साक्षी झाल्या, अहवाल निघाला. आणि त्याच वर्षीं त्याच नांवाची नवी बँक उभी राहिली! पुढें १९२१ सालीं तिची इंपीरियल बँक झाली, १९५५ सालीं स्टेट बँक.

वाचकहो, बँक मेली आणि लगेच पुन्हां जन्मली. पण कापसाच्या मंदीनें जो कुणबी बुडाला त्यास दुसरा जन्म कोणीं दिला? भाव उतरला तसें त्याचें कर्ज उतरलें नाहीं. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत रयतेनें सावकारांचे रोखे जाळले, तें कांहीं उगीच नव्हे. इकडे प्रेमचंद शेटजींनीं तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगींतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला. विद्येस दान देणें चांगलेंच. पण त्या विद्यापीठांत शिकलें कोण? जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें : पैसा रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या जातींच्या शिक्षणावर. मनोऱ्यावर घड्याळ लागलें. आमच्या मुलाला अंकही वाचतां येत नव्हते.

येथें कोणी म्हणेल, "जुनीं मढीं कशाला उकरतां? आतां शेटजी गेला, साहेब गेला, आपलें राज्य आहे." बरें, तर आपल्या राज्याचीच गोष्ट घ्या. २००२ सालीं नागपूर, वर्धा, बुलढाणा वगैरे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांचा पैसा सरकारी रोखे घेण्याच्या नांवाखालीं होम ट्रेड या दलाल कंपनीस दिला गेला. पैसा गेला, रोखे आलेच नाहींत. पुन्हां कागद आणि पुन्हां दलाल! नागपूरच्या खटल्याचा निकाल लागण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. पुढें थकबाकी वाढली, भांडवल आटलें, आणि २०१२ सालीं रिझर्व्ह बँकेनें वर्धा, नागपूर व बुलढाणा येथील जिल्हा बँकांस नव्या ठेवी घेण्यास मनाई केली. ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठीं हेलपाटे घालीत राहिला. पीककर्जाचें दार लागलें आणि शेतकरी पुन्हां खाजगी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसला. २०१४ सालीं सरकारांनीं मदतीची योजना केली, तेव्हां कोठें या बँका वाचल्या. ती मदतही आपल्याच करांतून!

आणि सहकाराच्या या खुर्च्यांवर बसतो कोण? दरवेळीं भटजी-शेटजीकडे बोट दाखवून आपली सुटका नाहीं. तेथें आपलीच माणसें बसतात. आपल्याच मतांनीं निवडून येतात, आपल्याच लग्नांत अक्षता टाकतात, आणि व्यासपीठावर फुल्यांच्या तसबिरीला हार घालतात. गादीवरचा माणूस बदलला, पण हिशेब न विचारण्याची आपली खोड बदलली नाहीं. अज्ञान हेंच खरें तारण. त्याच्यावर वाटेल तेवढें कर्ज उचलतां येतें.

तेव्हां बंधूंनो, इमारतीकडे मान वर करून पाहणें पुरे झालें. आतां मान खालीं घालून हिशेब वाचा. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या ३२ व्या कलमानें प्रत्येक सभासदास आपल्या संस्थेचा तपासलेला ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभेचें इतिवृत्त फुकट पाहण्याचा हक्क दिला आहे. गांवच्या सेवा सोसायटींत जा आणि तो बजावा. वार्षिक सभेस चहा पिऊन, सही करून परत येऊं नका. कर्ज कोणास दिलें? थकलें कोणाचें? पैसा गुंतविला कोठें? हे तीन सवाल उभे राहून विचारा. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीला शेजारीं बसवा. जिच्या पणजीनें कापूस वेचला, तिनें ताळेबंद वाचावा, याहून मोठा वारसा कोणता?

मुंबईची ती इमारत खुशाल उभी राहो. पुढच्या वेळीं जो कोणी तिच्यासमोर जाईल, त्यानें तोंडांत बोट घालूं नये. तें बोट वहीवर ठेवावें आणि विचारावें, "आमच्या नांवावर काय लिहिलें आहे तें दाखवा."