‘बोलत नाही’ असे लिहिण्याआधी

पहिलीच्या प्रवेशाला पालक येतात तेव्हा जन्मदाखला, आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स सारे प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले असते. मूल अंगणवाडीत तीन वर्षे कसे वाढले, काय शिकले, कशाला घाबरले याचा कागद मात्र त्या पिशवीत सहसा नसतो. नोंद झालेली असते. ती सेविकाताईंच्या रजिस्टरमध्ये आणि मोबाईलमध्ये असते, आईने ती पाहिलेली नसते.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून मुलांचे वजन हा तिचा कणा राहिला आहे. दर महिन्याला वजन घ्यायचे, वाढीच्या तक्त्यावर ठिपका द्यायचा, मागच्या ठिपक्याला जोडायचा. मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. ठिपका हिरव्या पट्ट्यात असला तर ठीक, पिवळ्यात आला तर लक्ष द्यायचे, त्याखाली गेला तर दवाखाना गाठायचा. एका ठिपक्याने मात्र फारसे कळत नाही, रेघ कुठे चालली आहे ते पाहावे लागते. मूल हिरव्यात असूनही तीन महिने रेघ आडवी पडली असेल, तर काहीतरी बिनसले आहे. हे आईला कळायला तक्ता तिच्यासमोर धरायला हवा. २०२१ पासून ही माहिती ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरावी लागते. त्याच वर्षी निकृष्ट मोबाईल मिळाले म्हणून राज्यातल्या कितीतरी सेविकांनी ते परत केले होते. ताईंचा किती वेळ स्क्रीनपुढे जातो, हे आम्ही जवळून पाहतो. वरच्या कार्यालयाला आकडा रोज जातो. शेजारच्या गल्लीतल्या आईपर्यंत तो पोहोचत नाही.

थोडा दोष आपल्या घरांचाही आहे. ‘वजन करू नका, नजर लागते’ असे सांगून मुलाला वजनाच्या दिवशी घरी ठेवणाऱ्या दादी-नानी आपल्या मोहल्ल्यात आजही आहेत. नजरेची भीती वाटत असेल तर ‘माशाअल्लाह’ म्हणा, बरकतीची दुआ करा, पण काट्यावर बसू द्या. मक्तबमधून मूल आले की आपण विचारतो, आज कायद्याचे कितवे पान झाले? सबकच्या डायरीवर अब्बा सही करतात. तसे अंगणवाडीतून आलेल्या मुलाबद्दल आपण काय विचारतो? खिचडी खाल्लीस का, एवढेच.

वजनाचे एक बरे असते, काटा भाषा विचारत नाही. खरी अडचण पुढे सुरू होते. रंग ओळखतो का, गोष्ट ऐकतो का, प्रश्नाला उत्तर देतो का, अशा नोंदी असतात. ताई मराठीतून चित्र दाखवतात, ‘हे काय?’ घरी दखनी बोलणारे चार वर्षांचे मूल मनात ‘मुर्गा’ म्हणते, इथे ‘कोंबडा’ म्हणायचे असते हे त्याला माहीत असते, म्हणून ते गप्प बसते. कोकणातल्या आपल्या घरांत बोली आणखी निराळी. ताईंच्या वहीत लिहिले जाते, ‘बोलत नाही’. तेच मूल घरी आपल्या बहिणीला ‘मेरेकू पैले होना’ म्हणून दिवसभर भंडावून सोडते. ती नोंद आईला दाखवली असती तर आई हसली असती आणि चूक तिथेच दुरुस्त झाली असती. दाखवली जात नाही, म्हणून ‘हळू आहे’ हा शिक्का मुलाच्या मागोमाग पहिलीच्या वर्गात येतो.

याची उलट बाजूही आहे, आणि आम्हाला ती जास्त चिंतेची वाटते. एखादे मूल घरीही बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही. ताईंना वाटते, घरची भाषा वेगळी म्हणून असेल. घरच्यांना वाटते, बाप पण उशिरा बोलला होता. दोघांनी समोरासमोर बसून पाच मिनिटे बोलले असते तर कान तपासायचे वर्ष हातचे गेले नसते.

इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणाऱ्या नोंदणीकृत बायकांना चाइल्डमाइंडर म्हणतात. मूल दोन ते तीन वर्षांचे असताना त्यांनी त्याच्या वाढीचा छोटा लेखी आढावा आईवडिलांना द्यायचा, असा तिथे नियम आहे. मुलाचे इंग्रजी कच्चे असेल तर घरच्या भाषेत ते किती बोलते हे आईवडिलांकडून समजून घ्यायचे, आणि मगच बोलण्यात मागे आहे की नाही ते ठरवायचे. कागदपत्रांचा ढीग होऊ नये, असेही त्याच नियमांत आहे. आपल्याकडे यातले एवढे जरी आले तरी पुरे: लिहिण्याआधी आईला विचारा, ‘घरी कसा बोलतो?’

दुसऱ्याचे मूल सांभाळणारीने त्याच्या आईला काय सांगावे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांना बालपणी बनू साद टोळीच्या हजरत हलीमा (रजि.) यांनी सांभाळले. सीरतच्या ग्रंथांत येते की, एका प्रसंगाने काळजीत पडून त्या बाळाला परत घेऊन आल्या, तेव्हा हजरत आमिना यांनी कारण विचारले. हलीमा आधी सांगेनात. आमिना यांनी पिच्छा सोडला नाही, आणि शेवटी हलीमांनी घडले तसे सारे सांगितले. आई रागावली नाही, तिने धीर दिला. सांगणारीची भीती आणि विचारणारीचा सबूर, दोन्ही त्या एका प्रसंगात आहे.

आता मोहल्ल्यातल्या खालांबद्दल. शेजारणीची दोन मुले दिवसभर सांभाळणाऱ्या, महिन्याला ठरलेले पैसे घेणाऱ्या या बायकांना कुणी रजिस्टर दिलेले नाही. त्यांनी दहा रुपयांची वही ठेवावी असे आम्ही सुचवतो. लिहिता येत नसेल तर घरातल्या मुलीने लिहावे. किती वाजता झोपला, काय खाल्ले, आज नवे काय केले, एवढेच. ‘शहाणा आहे’, ‘हट्टी आहे’ असे नको. ‘झाकण स्वतः उघडले’, ‘दुसऱ्याला खेळणे दिले नाही, चावला’ असे हवे. चावला हे संध्याकाळी आईला एकटीला सांगावे, दारातल्या चार बायकांसमोर नाही. मुलाचे ऐब झाकणे हेही सांभाळण्यातच येते. म्हणूनच मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकण्याची जी चाल पडली आहे ती आम्हाला पसंत नाही. एका आईला तिच्या मुलाचा फोटो पाठवा, चाळीस घरांना कशाला?

घरात एक कागद बहुतेकांकडे असतोच, माता-बाल संरक्षण कार्ड. लसीची तारीख पाहून आपण ते मिटतो. त्यात पुढे वाढीचा तक्ता आहे, आणि कितव्या महिन्यात मूल काय करू लागते याची चित्रे आहेत. ती पाहायला अक्षरओळख लागत नाही. पुढच्या वजनाच्या दिवशी ते कार्ड घेऊन जा, ताईंना आजचा ठिपका त्यावर द्यायला सांगा, आणि चित्रांतले कोणते मूल घरी करते, कोणते करत नाही, ते त्यांना दाखवा. घरची भाषा कोणती तेही सांगा. ताईंना उर्दू येत नसेल तर पाणी, भूक, शू, दुखते एवढे चार शब्द घरच्या बोलीत लिहून द्या.