सूज ‘प्लस प्लस’

पायाच्या धमनीची बायपास शस्त्रक्रिया झाली की पाय सुजतो, बहुतेकांचा सुजतो. महिनोन्‌महिने रक्त तुटपुंजे मिळालेल्या पायात ते एकाएकी भरभरून येते. जांघेत चीर घेताना लसिकावाहिन्या तुटलेल्या असतात. त्याच पायाची शीर बायपाससाठी काढली असेल तर आणखी भर. ही सूज काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांनी ओसरते. पण सूज गुठळीचीही असू शकते किंवा जखम चिघळल्याचीही, आणि सुरुवातीला नुसत्या नजरेला फरक कळतोच असे नाही. अशा वेळी कालच्यापेक्षा आज ती किती वाढली, हे कळायला हवे.

केसपेपरवर मात्र असते ‘प्लस’, नाहीतर ‘प्लस प्लस’. अंगठ्याने दाबल्यावर खळगा किती खोल पडला, त्यावरून दिलेली ही श्रेणी. अंगठे निरनिराळे, दाबही निरनिराळा. रविवारचे दोन प्लस सोमवारी एक झाले, तर सूज उतरली की ड्युटी बदलली?

याला लागणारे साधन शिंप्याच्या गळ्यात असते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली पेनने खूण करायची आणि दोन्ही पायांचा घेर घ्यायचा. गुठळीचा संशय किती धरायचा हे ठरवणाऱ्या ‘वेल्स’ गुणपद्धतीत हेच माप आहे. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त भरला तर एक गुण. बायपासच्या पायात एवढा फरक गुठळीविनाही पडू शकतो, म्हणून तिथे रोजचा चढउतार अधिक बोलका. पाय पाण्यात बुडवून सांडलेले पाणी मोजण्याची रीतही आहे, पण ताज्या टाक्यांचा पाय पाण्यात कोण घालू देईल? आणि एका सेंटिमीटरने काय बिघडते, असे म्हणू नये. ३५ सेंटिमीटरची पोटरी ३६ झाली, तर तिथले क्षेत्रफळ जवळजवळ ६ टक्क्यांनी वाढलेले असते.

खूण, वेळ आणि पाय ठेवण्याची रीत रोज एकच हवी. संध्याकाळी पाय सोडून बसलेल्याचे माप सकाळी आडवे पडून घेतलेल्या मापाशी ताडले, तर तो आकडाही प्लसइतकाच निकामी. पहिले माप शस्त्रक्रियेआधीच घ्यायला हवे, तेच नेमके राहून जाते. वर्षभर लंगडत काढलेल्या रुग्णाची त्या पायाची पोटरी आधीच वाळलेली असू शकते. सूज चढून ती दुसऱ्या पायाएवढी होते आणि राउंडवर ‘सूज नाही’ अशी नोंद पडते!

घरी जाताना सांगतात, “सूज वाढली तर या.” वाढली म्हणजे किती? डिस्चार्ज कार्डावर साखर असते, रक्तदाब असतो, गोळ्यांची यादी असते. पोटरीचा घेर नसतो. घरातल्या एकाला टेप धरायला शिकवून तो आकडा लिहून दिला, तर तालुक्याच्या गावाहून फोनवर “कालपासून दोन सेंटिमीटर वाढलीय” एवढे तरी सांगता येईल. एरवी मंडळी आपल्या मनाने क्रेप बँडेज आवळतात, आणि नव्या बायपासवर तो दाब घातक ठरू शकतो.