माळवद गळू लागते तेव्हा

गोदाकाठच्या सोनपेठ तालुक्यात अजूनही काही जुन्या घरांवर माळवद आहे. मोठ्या पावसात ते गळू लागले, की ज्येष्ठांची झोप उडते. कारण हाताशी असलेला पैसा बहुधा औषधांचा असतो. मग खर्च वाचवण्यासाठी आपण स्वतःच शिडीवर चढता, किंवा गळतीवर मातीचा आणखी एक थर टाकवून घेता. दोन्ही घातक. उतारवयात पडून खुब्याचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च गवंड्याच्या मजुरीहून कितीतरी अधिक होतो. आणि मातीचा भार काय करतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवले. दगडमातीच्या भिंती व जड माळवदांखाली हजारो माणसे गेली.

म्हणून मे महिन्यातच जाणत्या गवंड्याकडून तुळया तपासून घ्याव्यात, खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा आणि नवी माती घालण्यापूर्वी जुनी काढवावी. भिंत ओली दिसल्यास तिला हात न लावता मेन स्विच बंद करावा, अंथरूण कोरड्या खोलीत हलवावे. दुरुस्तीपायी औषधे मात्र थांबवू नयेत.

मुलांनी एवढे करावे : आईवडील ‘थोडेच गळते’ म्हणाले, तरी एकदा छताकडे पाहावे. खर्चाच्या संकोचापोटी ते पूर्ण सांगत नाहीत.