घरच्या बिअरला परवाना द्या

महाराष्ट्रात घरी वीस लिटर बिअर करणारा हौशी माणूस आणि ओढ्याकाठी हातभट्टी लावणारा, दोघांनाही १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना मद्यनिर्मितीचाच गुन्हा लागतो. माझी सगळी नोकरी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत गेली. त्या जोरावर सांगतो, ही दोन कामं एक नाहीत.

बिअर नुसती आंबवतात. भट्टी नाही, वाफ गार करून दारू गाळणं नाही. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभरावर माणसं गेली ती गावठी दारूतल्या मिथेनॉलने. जव किंवा ज्वारी आंबवून जीव घेण्याइतकं मिथेनॉल तयारच होत नाही, ते बाहेरून मिसळलेलं असतं. फेब्रुवारी २०१७मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या पांगरमलला निवडणुकीच्या पार्टीत माणसं दगावली, तीही बनावट दारूनेच. ती घरं आठवली की आजही संताप होतो. पण त्या संतापाचा रोख विष विकणाऱ्यांवर असावा.

घरची बिअर कशी होते ते मी पाहिलं आहे. मँचेस्टरला पुतण्याची पहिली बिअर बाटल्यांत भरायला मी होतो. “काका, आजच भरू या की,” म्हणून तो मागे लागला होता. मी त्याला थांबवलं. घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस हलत नाही, तोवर आंबणं संपलं असं धरायचं नाही. मग गाळ न ढवळता वरची बिअर नळीने काढली आणि लिटरला सहा ग्रॅमच्या हिशेबाने साखर उकळून मिसळली. उरलेलं यीस्ट ही साखर खातं, बंद बाटलीत वायू कोंडतो, म्हणून फेस येतो. साखर जास्त झाली तर बाटली फुटून काच उडते. बाटल्या तपकिरी घेतल्या, कारण उजेडाने हॉप्सला उग्र वास सुटतो. बाटल्या धुण्यात मात्र अख्खी दुपार गेली. पुढे दोन आठवडे वीस अंशांच्या खोलीत, मग गारव्याला. आठवड्याने उघडलेली बाटली कच्ची, गोडसर लागली. महिन्याने तीच बिअर स्वच्छ आणि भरीव झाली होती. आपल्याकडे हे जमवायचं तर मार्गशीर्ष-पौषातच. नगरच्या उन्हाळ्यात चव बिघडणार.

ब्रिटनने १९६३ साली स्वतःपुरत्या बिअरवरचा परवाना आणि कर काढून टाकला. अमेरिकेत १९७८ साली कार्टर यांनी तशाच कायद्यावर सही केली. तिथे एका प्रौढामागे वर्षाला शंभर गॅलनची मर्यादा आहे. विक्रीची मोकळीक दोन्हीकडे नाही.

आपल्या जिल्ह्यात टिळकनगरची ब्रँडी देशभर जाते, सहकारी कारखान्यांच्या टाक्यांत मळी आंबत असते. इथे आंबवण्याचं शास्त्र जाणणारी माणसं गावोगाव आहेत, आणि बिअरला लागतं तसं मोड आणून ज्वारी वाळवणं तर घरोघरी येतं.

दारूने संसार मोडलेल्या बायकांचा विरोध मला ठाऊक आहे, आणि त्यांचा शब्द शेवटचा मानावा असंच मी म्हणतो. म्हणून मागणी इतकीच: उत्पादन शुल्क खात्याकडे नाव नोंदवून, वर्षाला पन्नास लिटरपर्यंत, फक्त आंबवलेली बिअर, एक बाटलीही न विकता. आणि ज्या गावाने मतदानात बाटली आडवी केली आहे, तिथे हा परवाना देऊ नये.